आज्याचा ठोकळा

संपादक दोस्तानं कविता मागितली होती. कविता नाही. गेले दोन महिने कवितेची वही उघडलीच नाही. रविवार आला की घरामागच्या पत्र्याच्या शेडात जातो आणि लोखंड घासत बसतो. ज्यात जीव अडकलाय त्याच्यावरच लिहितो. चालवून घ्या.

आमच्या घरात एक पोलादाचा ठोकळा आहे. सहा इंच लांब, चार इंच रुंद, दोन इंच जाड. वजन सहा किलोच्या थोडं वर. आज्यानं तो मुंबईहून आणला. लोकांच्या घरात आज्याची तलवार असते, सातबारा असतो, देव्हारा असतो. आमच्यात हा ठोकळा आणि त्याचा गेटपास.

गेटपासचं आधी सांगतो. आजा १९६० च्या सुमारास मुंबईला गेला. डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत एका नातलगाच्या खोलीत वळकटी टाकली आणि एका गिरणीच्या मेकॅनिक खात्यात बिगारी लागला. पुढं हेल्पर झाला. फिटर काम करायचे, हा उचलून द्यायचा. फिटर माप घ्यायचे, हा पुसून ठेवायचा. एकदा खात्यातलं जुनं सामान भंगारात निघालं. त्यात हा ठोकळा होता. आज्यानं भंगाराच्या भावानं पैसे भरले आणि गेटपास करून घेतला. 'लोखंडी ठोकळा, एक नग.' खाली सही, वर गिरणीचा शिक्का.

तो कागद त्यानं मरेपर्यंत फेकला नाही. ट्रंकेत, बाबासाहेबांच्या फोटोमागं घडी करून ठेवलेला. कारण गावात आल्यावर पहिला सवाल हाच झाला, "कुठनं चोरून आणलास रं?" ज्यांच्या वाड्याच्या चिऱ्यांचा हिशोब कुणी कधी मागितला नाही, ते सहा किलोच्या लोखंडाचा हिशोब मागत होते. आजा भांडला नाही. कागद काढून दाखवला. एकदा नव्हं, धाबार वेळा दाखवला असेल. घडीवर कागद फाटलाय, त्याला मागून पट्टी चिकटवलीय.

आज्याच्या बापाच्या पिढीची गोष्ट तर आणखी निराळी. त्यांना मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचं दार बंद होतं. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. एका धोट्याला दहा तोंडं लागायची. त्यात आमचं तोंड चालत नव्हतं. पगार बरा मिळायचा तो साच्यावर, आणि साच्यावर आम्ही नको. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांच्या समोर ठेवला, मागण्यांत घालायला लावला. कामगारांची एकजूट, एकजूट म्हणून सगळे ओरडत होते. एकजुटीच्या आत धोट्याएवढं भोक होतं, ते बाबासाहेबांनी दाखवलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. आजा त्यातलाच एक. वर्षभर त्यानं वाट बघितली. भाजी विकली, हमाली केली. मग ट्रंक उचलली आणि गावी आला. ट्रंकेत दोन धोतरं, बाबासाहेबांचा फोटो, गेटपास आणि ठोकळा. आमचं गाव हातकणंगले तालुक्यात. १९२० साली ज्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, शाहू महाराज स्वतः आले, ते माणगाव आमच्यापासून लांब नाही. पण परिषद झाली म्हणून गावं सरळ झाली, असं काही नाही.

गावात आजा लिंबाखाली बसायचा. पुढं ठोकळा, हातात हातोडा. वाकडे खिळे सरळ करायचे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, इचलकरंजीच्या मागांच्या वाकलेल्या पट्ट्या, सळ्या, जे येईल ते. ठोक ठोक ठोक. त्या आवाजावर घर चाललं. माझा बाप आणि दोन आत्या त्या आवाजावर शिकल्या, जेवढं शिकल्या तेवढं. वीस वर्षं आज्यानं त्या ठोकळ्यावर ठोकलं. हातोड्यानं ठोकळ्याचं तोंडच बदलून गेलं. मधे खोल, कडा बाहेर फुगलेल्या, अंगभर खड्डे. देवीचे व्रण उठलेल्या माणसासारखा.

आता माझं. मी सूतगिरणीत आहे, रिंग फ्रेमच्या मेंटेनन्सला. कंत्राटी. वय पंचवीसच्या पुढं. आयटीआय केलेलं नाही, बारावीनंतर पैसेच नव्हते. जे शिकलो ते बघून, आणि ग्रंथालयातली आयटीआयची जुनी पुस्तकं वाचून.

गिरणीच्या वर्कशॉपात एक सरफेस ग्राइंडर आहे. लोखंडाचा तुकडा सपाट करायचं मशीन. वर दगडी चाक फिरतं, खाली टेबल डावी-उजवीकडं सरकतं, टेबलावर चुंबकाचा चक असतो, तो तुकड्याला धरून ठेवतो. त्याच्याखालचा चुरा झाडायचं काम माझ्याकडं होतं. झाडता झाडता बघायचो. एक दिवस ऑपरेटरला विचारलं, "चाक ड्रेस करताना हिरा नेमका कुठं ठेवता?"

त्यानं मशीन बंद न करताच विचारलं, "पूर्ण नाव काय रे तुझं?"

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं.

"मग चौदा एप्रिलला रजा लागत असंल तुला," म्हणाला आणि हसला. हिरा कुठं ठेवायचा ते काही सांगितलं नाही.

हे १९२८ नाही. कुणी शिवलास म्हणून अंगावर धावून येत नाही. आता नुसतं सांगत नाहीत. मशीनपुढं उभं राहायला मनाई नाही, फक्त पाठ अशी वळवतात की हँडलवरचा हात दिसू नये. हातोडी, कानस कुणालाही देतील. माप मात्र देत नाहीत. आजापण पुसूनच ठेवायचा ना? मला ते एकदम कळलं. साठ वर्षांत आमच्या घराची बढती झाली ती पुसण्यापासून झाडण्यापर्यंत.

तेव्हा ठरवलं, आपलं मशीन घ्यायचं. कोल्हापुराकडं जुन्या मशीनचे दलाल आहेत. तिथं हाताचा सरफेस ग्राइंडर मिळाला. टेबल साडेचारशे बाय दीडशे मिलिमीटर. रंग उडालेला, पण सरकपट्ट्या बऱ्या. बोनस, आईची भिशी आणि थोडं कर्ज. घरात थ्री फेज नाही, म्हणून त्याची मोटर काढून सिंगल फेजची एक एचपीची बसवली. शेडाला चार पत्रे वाढवले. गिरणीची पाळी सुटल्यावर मागवाल्यांच्या, छोट्या कारखान्यांच्या पट्ट्या घासून द्यायच्या, हा बेत.

पण पट्टी सपाट झाली की नाही हे कशावर तपासणार? टेकवायला, मापायला काहीतरी भरवशाचं सपाट लागतं. ग्रॅनाइटची प्लेट घ्यायची तर हप्ता आणखी वाढतो. तेव्हा डोळा गेला ठोकळ्यावर. जुनं पोलाद. इतकी वर्षं थंडी-ऊन खाल्लेलं, ठोके खाल्लेलं. आता ते काय वाकणार? दोन्ही अंगं सपाट करून घेतली की आयुष्यभर कामाला येईल.

बापाला सांगितलं. तो जेवत होता. हात ताटातच थांबला.

"त्येला हात लावू नगंस."

"का, बा? नुसता पडलाय दाराला अडकण म्हणून."

"पडला तर पडू दे. त्या खड्ड्यांवर आमी वाढल्यालो हाय. तू खड्डं पुसाय निघालास."

मी चिडलो. चळवळीत चार भाषणं ऐकलेला माणूस लवकर चिडतो. म्हणालो, "जुनं जपत बसायचं तर मग म्हारकी का सोडली? ढोरं ओढायची का सोडली? ५६ साली सगळं टाकूनच आलो ना आपण?"

बाप माझ्याकडं बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "म्हारकी दुसऱ्यानं लादली व्हती. ह्यो ठोकळा तुझ्या आज्यानं पैसं मोजून आणला. दोन्ही एक करू नगंस."

दोस्तांनो, मी अभ्यास वर्गात बोलतो. माझ्याकडं उत्तर नव्हतं. काय टाकायचं आणि काय ठेवायचं याचा असा सरळ हिशोब मला कुठल्या वर्गात मिळाला नव्हता. पण मशीनचा हप्ताही समोर होता. पंधरा दिवस घरात तो विषय निघाला नाही. सोळाव्या दिवशी सकाळी ठोकळा शेडाच्या उंबऱ्यावर ठेवलेला दिसला. बाप कामाला निघून गेला होता. होय म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

काम कसं केलं ते नीट सांगतो, कारण आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

चाक बसवायच्या आधी ते बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकं ठोकायचं. खणखणीत वाजलं तर चाक धड. बद्द वाजलं तर आत चीर आहे, ते फेकून द्यायचं. माझं चाक दोनशे मिलिमीटरचं, मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे. म्हणजे कड सेकंदाला एकोणतीस मीटरनं पळते. फुटलं तर तुकडा छातीत. गार्डशिवाय चालवायचं नाही, चष्म्याशिवाय नाही, तोंडाला फडकं नाही तर मास्क. आणि चुंबकाची दांडी ओढलीय का, ते दोनदा बघायचं.

मग हिरा. तो चाकाच्या बरोबर मध्याखाली ठेवायचा नाही. थोडा पुढं सरकवून, चाक ज्या दिशेनं फिरून बाहेर जातं त्या अंगाला कलता ठेवायचा, नाहीतर चाक त्याला खेचून आत घेतं. मला न सांगितलेली गोष्ट ही. पुस्तकातल्या एका आकृतीत मिळाली. ती मी इथं छापून टाकतोय. चाकाचे कण बोथट झाले, चकाकायला लागले की ते कापत नाही, नुसतं घासतं, आणि लोखंड जळून त्याच्यावर तपकिरी-निळे डाग पडतात. हिऱ्यानं वरचा थर काढला की आतले धारदार कण उघडे पडतात.

ठोकळ्याच्या फुगलेल्या कडा आधी कानशीनं मारल्या. त्या राहिल्या तर ठोकळा त्यांच्यावरच डुलतो. कुठलं अंग खाली ठेवायचं? जे खोल आहे ते. खोल अंग खाली ठेवलं की ठोकळा कडांवर स्थिर बसतो. पोट आलेलं अंग खाली ठेवलं तर झुलतो, आणि झुलत्या कामातून सरळ काही निघत नाही. पातळ पट्टीचं तर आणखी वाईट. सरावाला आधी एक वाकडी पट्टी घेतली होती. चकावर ठेवली, चुंबक ओढलं, पट्टी झटकन सरळ झाली. घासली, आरशासारखी. चुंबक सोडलं आणि पट्टी पुन्हा वाकडी. चुंबकानं तिला दाबून सरळ केलं होतं, ती सरळ झालीच नव्हती. अशा पट्टीखाली जिथं पोकळी असेल तिथं कागदाच्या, पत्र्याच्या चकत्या भरून तिला आहे तशी वाकडीच धरायची, आणि तशीच घासायची. आधी तिचं वाकडेपण कबूल करायचं. तरच ती सुधारते. जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत येऊन हार घालणारे आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पोराला भाड्यानं खोली न देणारे बघितले की मला ती पट्टी आठवते.

ठोकळा जाड, तो चुंबकाला भीक घालत नाही. पण त्याला उष्णता बाधते. एकदम जास्त कापायला गेलं की वरचं अंग तापतं, फुगतं, मधे उंचावतं. चाक तो उंचवटा कापून टाकतं. थंड झाल्यावर बघावं तर मधे खोलगट. म्हणून एका वेळी दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वरून कूलंटचं दुधाळ पाणी बाटलीनं मारत राहायचं, मधे थांबून ठोकळ्याला हात लावून बघायचं.

पहिल्या रविवारी घाई नडली. चार तास घासलं, काढून डायल गेजखाली धरलं, तर एक कोपरा चाळीस मायक्रॉननं खाली. डोकं धरून बसलो. मग चक हातानं चाचपला तर एका बाजूला चुऱ्याचा कण. डोळ्याला दिसेना, पण बोटाला लागला. त्याच्यावर ठोकळा टेकला होता, म्हणून तो कोपरा वर आला आणि जास्त कापला गेला. झाडायच्या कामाला मी हलकं समजत होतो. गिरणीत मी रोज झाडतो ते किती मोलाचं काम आहे हे माझं मला त्या दिवशी कळलं. ऑपरेटरचं सगळं कसब माझ्या झाडूवर उभं आहे. त्याला ते ठाऊक आहे की नाही कोण जाणे.

दुसऱ्या रविवारी पुन्हा सुरुवात. चक पुसला, तेलाच्या दगडानं हलकं घासला, तळहातानं चाचपला. ठोकळ्याच्या अख्ख्या तोंडावर निळा रंग लावला. त्या निळ्याचं काम असं की चाक उंच भागाला लागतं, तिथला निळा जातो आणि लोखंड चमकतं. जिथं निळा राहिला तिथं चाक अजून पोहोचलेलं नाही. पहिल्या फेरीत कडांचा निळा गेला. मग कोपऱ्यांचा. मग हळूहळू आत. दहा मायक्रॉन, पन्नास वेळा टेबल इकडून तिकडं. पुन्हा दहा मायक्रॉन, पुन्हा पन्नास वेळा. मधलं अंग कडांपेक्षा पाव मिलिमीटरहून जास्त खोल होतं. तीस फेऱ्या झाल्या. म्हणजे दीड हजार वेळा हात फिरला. खांदा भरून आला.

निळा शेवटपर्यंत खोलातच राहतो. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, कवी आहेस, उपमा जुळवतोस. पण तो डोळ्यांनी बघितलेला प्रकार आहे.

तीस फेऱ्यांनंतर सगळं तोंड चमकत होतं आणि त्याच्यात अकरा निळे ठिपके उरले होते. आज्याच्या हातोड्याचे सगळ्यात खोल खड्डे. ते घालवायचे तर आणखी अर्धा मिलिमीटर काढायला हवा. पन्नास फेऱ्या, अडीच हजार हात. मी चाक पुन्हा ड्रेस केलं आणि हँडलवर हात ठेवला.

दारात बाप उभा होता. कधी आला कळलं नाही. आत आला, चाक थांबेपर्यंत थांबला, आणि वाकून ठोकळ्यावरून बोट फिरवलं. एकेका ठिपक्यावर थांबत. एका लांबट खड्ड्यावर बोट राहिलं.

"ह्यो माझा," म्हणाला.

"तुझा?"

"छन्नीचा हाय. सातवीत व्हतो. बा जेवाय गेलाता, मी म्हटलं आपन बी ठोकून बघू. छन्नी सुटली. वाटलं आता मारतोय. त्यानं खड्डा बघितला, माजा हात बघितला. म्हनला, बोट हाय न्हवं जाग्यावर? मग बास."

आज्याबद्दल बाप माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता. 'खड्डे पुसाय निघालास' म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं हा एक खड्डा होता. मी मात्र त्याला जुनाट म्हणून मोकळा झालो होतो.

मी मशीनचं बटण बंद केलं. दुसऱ्या अंगालाही तसंच केलं. सपाट होईपर्यंत घासलं, खड्डे जाईपर्यंत नाही. शेवटी खाली न उतरवता चाक नुसतंच चार वेळा फिरवलं, ठिणग्या संपेपर्यंत.

पण मनात खुटखुट राहिली. बापाच्या मायेपायी काम कच्चं सोडलं का? खड्डे असलेला ठोकळा सपाट कसा म्हणायचा? पुढच्या रविवारी तो फडक्यात गुंडाळून कोल्हापूरला एका दोस्ताच्या वर्कशॉपात नेला. त्याच्याकडं ग्रॅनाइटची प्लेट आहे. प्लेटवर त्यानं तेलात कालवलेला निळा बोटानं अगदी पातळ पसरला, ठोकळा त्याच्यावर हलकेच फिरवला आणि उलटा केला. इथं निळ्याचं काम उलटं. जिथं उंच, तिथं प्लेटचा निळा लागतो. ठोकळ्याच्या सगळ्या तोंडावर निळ्याचे बारीक ठिपके सारखे पसरले होते, कडेला, मधे, चारी कोपऱ्यांत. फक्त अकरा खड्डे कोरडे.

"सपाट आहे," तो म्हणाला.

"आणि हे खड्डे?"

"असू देत. हातानं स्क्रेप केलेल्या प्लेटला मुद्दाम असे बारीक खोलगे ठेवतात, त्यात तेल राहतं. सगळीकडचा उंच भाग एका पातळीत पाहिजे. सपाट म्हणजे गुळगुळीत नव्हे."

परतताना एस.टी.त ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आपण जात गेली पाहिजे म्हणतो तेव्हा काही शहाणे लोक आपल्याला सांगतात, मग जुनं उगाळता कशाला? विसरा. आडनाव बदला, बोली बदला, आज्याचं नाव काढू नका, गुळगुळीत व्हा. म्हणजे समता. आता मी त्यांना सांगेन, बाबांनो, तुम्ही पॉलिश आणि पातळी यांत घोटाळा करताय. आमच्या अंगावरच्या खुणा राहतील. त्या राहूनही पातळी एक होते. ती मापून घ्या.

आणखी एक सवाल त्या दिवशी दोस्ताला विचारला. माझा ठोकळा तुझ्या प्लेटवर तपासला. तुझी प्लेट कंपनीच्या प्लेटवर तपासली असेल. मग सगळ्यात पहिली प्लेट कशावर तपासली?

त्यानं सांगितलं ते असं. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिरानं १८४० साली ग्लासगोच्या सभेत ही रीत मांडली. दोन प्लेटा एकमेकींवर घासून, उंच भाग खरवडून जुळवल्या तर त्या अगदी फट न राहता जुळतात. पण म्हणून त्या सपाट नसतात. एक पोट आलेली असेल, दुसरी तेवढीच खोल. दोघी एकमेकींना दाखला देतात, आम्ही सरळ आहोत. म्हणून तिसरी प्लेट घ्यायची. ती पोटवाल्या पहिलीशी जुळवली की तिसरीही खोल होते. मग ही खोल तिसरी त्या खोल दुसरीवर ठेवायची. दोन्ही कडांवर टेकतात आणि मधे पोकळी राहते. लबाडी उघडी. तिन्ही आळीपाळीनं, फिरवून फिरवून, प्रत्येक दोघींत जुळेपर्यंत खरवडल्या, तरच तिन्ही सपाट. दुसऱ्या कुठल्याच आधाराची गरज नाही. देवाची नाही, कंपनीची नाही.

पोथी पुरोहिताला बरोबर म्हणत होती, पुरोहित पोथीला बरोबर म्हणत होता. हजार वर्षं फट दिसली नाही. आजही गुणवत्ता, गुणवत्ता म्हणणारे आणि गुणवत्तेची परीक्षा घेणारे एकाच घरातले असले की फट दिसत नाही. तिसरा आत आला की दिसते. आम्ही आत आलो की त्यांना जो त्रास होतो तो याचाच.

आणि तीनच का? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन वेगळ्या वस्तू समजू नका, एक काढली की बाकीच्या दोन्हींचा अर्थ जातो. हे पाठ होतं मला. भाषणात कितीदा म्हटलंय. पण दोन जुळूनही वाकड्या राहतात, हे लोखंडात बघितल्यावर ते पाठांतर राहिलं नाही.

आमच्या अभ्यास वर्गातल्या एका दोस्तानं हे ऐकून मला झापलं. म्हणाला, "प्रत्येक गोष्टीची समता करू नकोस. लोखंडात खोल भाग कधी वर येतो का? तू वरचं कापून खाली आणलंस. आपल्याला कुणाला कापायचंय का?"

त्याचं बरोबर आहे. लोखंडात वाढवता येत नाही, नुसतं काढता येतं. माणसात तसं नाही. माणूस वर येतो. १९०२ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्यांना नोकऱ्यांत निम्म्या जागा ठेवल्या, तेव्हा कुणाला कापलं नव्हतं. दार उघडलं होतं. माझा आजा पुसत होता, मी माप घेतोय, हे कुणाला घासून झालेलं नाही. म्हणून ठोकळ्याची उपमा इथंच सोडतो. जेवढी खरी होती तेवढी घेतली.

आता कामाचं. ठोकळा टेबलावर आहे. त्याच्यावर टेकवून पट्ट्या तपासतो. पहिलं काम आलं, मग दुसरं. हप्ता अजून दोन वर्षं आहे. वस्तीतली दोन पोरं संध्याकाळी येतात. त्यांना आधी झाडायला शिकवलं, मग लगेच माप घ्यायला. हिरा कुठं ठेवायचा ते पहिल्याच दिवशी सांगितलं. पूर्ण नाव विचारलं नाही.

बाप अधूनमधून येतो. बोलत नाही. ठोकळ्यावरून बोट फिरवतो, त्या छन्नीच्या खड्ड्यावर थांबतो, तेल आहे का बघतो आणि जातो.

ठोकळ्याच्या चारी कोपऱ्यांची जाडी मायक्रोमीटरनं घेतली. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत पाच मायक्रॉनचा फरक. घरच्या शेडात एवढं पुष्कळ झालं. ती चार मापं कुठं लिहून ठेवावीत? ट्रंक उघडली, फोटोमागचा गेटपास काढला. पुढच्या बाजूला 'लोखंडी ठोकळा, एक नग.' मागच्या बाजूला, चिकटपट्टीच्या शेजारी, जागा होती. तिथं लिहिली. खाली तारीख घातली आणि सही केली. माझी.

जयभीम.